परदेशी जाताना

बाळकुमच्या खाडीत चिखल तुडवत तीन वर्षं मासळीच्या नोंदी घेतल्या होत्या मंजुळाने; स्टॉकहोमच्या परिषदेला मात्र निघाले होते तिचे मार्गदर्शक, दौलतसर. "एकालाच बोलावलंय गं," असं त्यांनी तिला सांगितलं होतं. त्या नोंदींवरच्या शोधनिबंधावरचं तिचं नाव आपणच खोडलं, हे सांगितलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ती वर्तकनगरला त्यांच्या घरी आली. आपणही जाणार म्हणून, परदेशी जाऊन आलेल्यांना विचारून तिने बारीकसारीक सगळं एका कागदावर उतरवून ठेवलेलं. तो कागद तिने सरांच्या हाती दिला.

"स्लाइड्स हातातल्या बॅगेत ठेवा सर, मोठी बॅग कधी कधी मागे राहते. आणि हा मफलर मी माझ्यासाठी घेतलेला, तो न्या. तिकडे थंडी फार."

सर मान खाली घालून बॅगेचे पट्टे आवळत राहिले.

"बॅगेवर नाव टाकलंत ना? नाव नसलं की आपली वस्तू दुसराच कुणीतरी घेऊन जातो."

सरांनी चपापून वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती. टोमणा असता, तर त्यांनी तो सोसला असता.