खाली थेंब नाही

“गाडी पाणी पितेय, खाली थेंब नाही, म्हणजे आतल्या आत जातंय. दाखवून घे,” जन्म गॅरेजात काढलेले बाबा म्हणाले होते. लेकराला पाळणाघरात सोडायच्या घाईत तिने ते कानाआड केलं आणि रेडिएटरमध्ये रोज बाटलीभर पाणी ओतत राहिली. आज गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडून दाखवलं, तर आतून दुधाळ चिकटा. “इंजिनातलं सील, हेड गॅस्केट गेलंय, ताई. पाणी ऑइलमध्ये उतरतंय. नुसतं ओतत राहिलात.” झाकण बघताना तिला व्हिडिओ कॉलवरचे बाबा आठवले: शेजारी कायम तांब्या, शर्ट महिन्यागणिक सैल. तिथूनच फोन लावला. “बाबा, साखर कधी तपासलीत?” “मला काय धाड भरलीय? तहान लागते, पाणी पितो.” “गाडीही पाणीच पीत होती.” पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. “आजच तपासून घेतो.” तुमच्या घरीही कुणी हल्ली सारखं पाणी पितंय का? बघा जरा.