गेनबाचा अंगठा

"आजोबा, चप्पल घालून आत येता येणार नाही. इथं बूट लागतात." गोल्फ क्लबच्या सेक्रेटरीनं गेनबाला पायरीवरच अडवलं.

गेनबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं त्यानं इथल्या जुन्या झाडीतून साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहिली होती. आज क्लबच्या शंभरीला आग्रहानं बोलावून चारचौघांत हा पाणउतारा?

समोरच्या बोर्डावर सेक्रेटरीच्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत झळकत होतं. दोनशे पावलांवरून, एकाच फटक्यात चेंडू थेट होलमध्ये!

गेनबानं चप्पल काढून उजवा पाय पुढं केला.

"साहेब, तुमच्या वडलांचा चेंडू होलच्या तोंडाशीच थांबला हुता. पुढं मी उभा हुतो. या अंगठ्यानं हळूच आत ढकलला, अन् आजवर तोंड उघडलं न्हाई. तवाबी या पायात बूट नव्हता."