पाण्याचा थर

सकाळपासून कामिनीच्या पडद्यावर नुसता काळा चौकोन होता.

खाणीचा नकाशा होता तो. म्हणजे असायला हवा होता. जमिनीखालच्या जुन्या, खोदून सोडून दिलेल्या वाटा, म्हणजे गॅलऱ्या, त्यांत साचलेलं पाणी आणि त्यांच्या शेजारून खोदत निघालेला नवा बोगदा, सगळं एका चित्रात फिरवून बघायचं. पण हिशेब करणारा सर्व्हर हैदराबादला आणि बघणारी कामिनी नागपुरात, महाल भागातल्या चष्म्याच्या दुकानावरच्या ऑफिसात. फोनवरून मुलगी बघण्यातला प्रकार.

"अजून नाही?" शेजारच्या टेबलावरून दुर्गेशनं विचारलं.

"खिडकी उघडते, चित्र भरायले लागलं की बंद पडते. तिथलं ग्राफिक कार्ड पकडूनच नाही राहिलं."

तेवढ्यात रुपरावचा फोन आला. हा खाणीतला सरदार, दुसऱ्या पाळीची टोळी त्याच्या हाताखाली. मागे कामिनी खाणीवर गेली होती तेव्हा त्यानं घरच्या झाडाची बोरं पिशवीभर दिली होती, तेव्हापासून काका.

"दिसलं का वं पोरी?"

"नाही ना काका. मशीन रुसून बसली."

"निवांत पाय तू. पाणी कुठवर आलं ते पाह्यल्याशिवाय मी माणसं उतरवत नाही. मॅनेजर सायबाले तसं सांगून ठेवलं. तुझी काकू पार्वती बी घरून इचारून राहिली, आज उतरता का नाही म्हणून."

एवढंच त्याला हवं होतं. पाणी बोगद्याच्या किती जवळ आहे. ते सांगायला एवढं मोठं सॉफ्टवेअर, आणि ते तोंड काळं करून बसलेलं. कामिनीला स्वतःचीच लाज वाटली.

मग खाणीच्या मॅनेजरचा फोन. त्याचा आवाज चढलेला होता. "मॅडम, अख्खी पाळी बसून आहे. वरून फोनवर फोन येऊन राहिले. खाणीच्या ग्रुपवर काहीतरी टाका ना. काम चालू आहे हे तरी दिसू द्या लोकायले."

बिघाड हैदराबादचा आणि बोलणी हिला. तिनं फोन ठेवला आणि कीबोर्ड आपटला.

"सारे थर एकदम काहून टाकते?" दुर्गेश खुर्ची ओढत आला. "पाण्याचा काढ. तो पारदर्शक आहे, मशीन त्यालेच अडून राहिली असन. आधी बाकीचं येते का पाय."

सल्ला बरोबर होता. कोणीही हेच करतं. एकेक काढत जायचं, नडतंय ते सापडतं. कामिनीनं थरांच्या यादीतली पाण्यासमोरची खूण पुसली.

चित्र आलं. करड्या रंगाच्या जुन्या गॅलऱ्या, पिवळा नवा बोगदा, मधे चांगला भरपूर दगड. फिरवलं तर फिरलं, जवळ आणलं तर जवळ आलं. सकाळपासून टांगलेला जीव भांड्यात पडला. तिनं मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला, मॅनेजरच्या समाधानासाठी ग्रुपवर टाकला, वर एक शब्दही न लिहिता. मोबाईल नेहमीसारखा आवाज बंद करून टेबलावर उपडा ठेवला आणि ती पाण्याच्या मागे लागली.

त्यात बराच वेळ गेला. चित्र सर्व्हरवरच रंगवायचं आणि तयार झालेलं तेवढं इकडे पाठवायचं, असा मार्ग शेवटी चालला. तिनं भीतभीतच पाण्यासमोर पुन्हा खूण केली.

निळं पाणी जुन्या गॅलऱ्यांत भरत गेलं. पण तिथं थांबलं नाही. तडकलेल्या दगडातून झिरपत ते बरंच पुढे आलेलं होतं. पिवळ्या बोगद्याचं टोक आणि ते निळं, यांच्यामध्ये भिंत म्हणावी असं काही उरलं नव्हतं.

"आलं पाणी," ती म्हणाली.

"जमलं म्हणजे," दुर्गेश हसत वळला. पडदा बघून त्याचं हसू गेलं. "तो मघाचा फोटो तू कोणाले पाठवला?"

कामिनीनं मोबाईल सुलटा केला. फोटोखाली मॅनेजरचा अंगठा. त्याखाली रुपराव. 'फोटो पायला. पाणी नाई दिसत कुठीच. लय बरं झालं पोरी. घेऊन उतरतो सगळ्यायले.'

खाणीत मोबाईल नेऊ देत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी तिनं रुपरावचाच नंबर लावला. दुर्गेश मॅनेजरला लावत होता, तो सारखा दुसऱ्या कॉलवर.

खूप वेळानं कोणीतरी फोन उचलला.

"मी नागसेन, लॅम्पघरातून, उतरणाऱ्यायले दिवे देतो तो. काका तर उतरले मॅडम. मोबाईल इथं जमा करून गेले."

"नागसेन, खालच्या फोनवर लावा. त्यांना परत बोलवा. पाणी आहे तिथं. आत्ताच्या आत्ता बोलवा."

तो धावल्याचं ऐकू आलं. दूर कुठंतरी त्यानं दुसरा फोन फिरवला. कामिनीसमोर चित्र आता कुठंही न अडता हळूहळू फिरत होतं. ते थांबवायचंही तिला सुचलं नाही.

"घंटी वाजून राहिली मॅडम, कोणी उचलत नाही. सारे आत कामावर पोचले असन. मी माणूस पळवला खाली." त्याला धाप लागली होती. मग ती धाप मोबाईलपासून लांब गेली.

"नागसेन?"

"काकाच्या मोबाईलवर मधातच दुसरा फोन येऊन राहिला. पार्वतीकाकूचा आहे." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "उतरले का म्हणून इचारन ते. काय सांगू तिले?"