वाघोबाचं रान

पळसदरीच्या माळावर मुंबईचा एक शेट बंगला बांधणार होता. पण आखणीच्या खुंट्यांभोवती ओळीनं तीन दिवस सकाळी वाघाची ताजी पावलं दिसली.

"रान त्याचंच हाय, शेट," वाडीवरचा म्हातारा चांगो हात जोडून म्हणाला.

चौथ्या दिवशी शेटनं गाशा गुंडाळला.

झोपडीत चिंधी नवऱ्याच्या सोललेल्या बोटांना हळूच तेल लावत होती. "मातीत मूठ दाबताना आंगठा आत घ्यावा रं म्हाताऱ्या! कालच्या पावलाला पाच बोटं उठली व्हती. वाघोबा रान सोडून गेला त्याला सात वर्सं झाली. त्याच्या रानाची राखण तू किती दिस करशील?"

चांगो हसला. "पर उद्या माघारी आला, तर ऱ्हाईल कुठं बिचारा?"