मुलाची चौकशी

वीज केंद्र कसं बंद करायचं ते एकदाचं ठरलं. उद्धव मिटिंगमधून बाहेर आला, तर त्याच्या केबिनबाहेर एक म्हातारा टोपी मांडीवर घेऊन बसलेला.

मिटिंग झकास झाली होती. मार्चअखेर बॉयलर विझवायचा. यंत्रं भंगारात. कोळशाच्या यार्डात सौर पॅनल, राखेच्या तळ्यावर माती टाकून झाडं. कडुनिंब लावायचा की करंज, यावर अर्धा तास खल झाला. कायम माणसांच्या बदल्या ठरल्या. उद्धवला तर बदलीच्या जागी क्वार्टरसुद्धा मिळालं. कंत्राटी पोरांचं काय, असं शेवटी त्यानंच विचारलं होतं. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. ती ठेकेदाराची माणसं, म्हणाले, आपल्या आराखड्यात येत नाहीत. आणि जाहीर होईपर्यंत कुणी बाहेर चकार शब्द काढायचा नाही. उद्धवनं मान डोलावली. आपण निदान विचारलं तरी, याचंच त्याला बरं वाटलं.

म्हाताऱ्याचं नाव संगप्पा, निलंग्याकडचा. लेकीला स्थळ सांगून आलं होतं, याच केंद्रात कोळशाच्या बेल्टवर काम करणारा शिवशंकर. आता मुलाची चौकशी भावकीत करून काय उपयोग? भावकी एक तर गोडगोड बोलणार, नाही तर मुद्दाम विष कालवणार. माणूस जिथं राबतो तिथंच जाऊन विचारावं, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून औशाला एसटी बदलून तो इथवर आला होता आणि गेटवरच्या माणसानं त्याला बेल्टचं काम बघणाऱ्या उद्धवसाहेबांकडे पाठवलं होतं. चहा नको म्हणाला. पोरगं पितंय का, तापट आहे का, पत्त्यांचा नाद आहे का, एकेक विचारत गेला. उद्धवनं मोकळेपणानं सांगितलं. पोरगा लाखात एक होता, त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग म्हातारा खुर्चीत पुढं सरकला.

"ठेकेदाराकडं हाय म्हणं. भाऊ म्हनला, नको देऊ. म्या म्हनलं, ठेकेदार बदलंल, प्लँट काय उठून चाललाय व्हय?"

सांगून टाकावं, असं उद्धवच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की स्थळ मोडलं. शिवाय उद्या तालुकाभर बोभाटा झाला, तर मोठे साहेब आधी त्यालाच धरणार. आणि न सांगावं, तर समोर हा बाप बसलेला. उद्धवला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. मग मनात आलं, नोकरी तर जाणारच आहे, पोराचं लग्न तरी होऊ दे. बरी पळवाट सापडली.

"लेकीला देऊ का न्हाई, तेवढं सांगा साहेब. तुमच्या शब्दावर देतो."

"द्या," उद्धव म्हणाला.

आठवड्याभरात सुपारी फुटली. शिवशंकर तोंडाहातावरची कोळशाची भुकटी धुऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन केबिनमध्ये आला. पहिला पेढा देवापुढं ठेवलाय, दुसरा तुम्हालाच, म्हणाला. मुलीचं नाव राजकन्या. ते सांगताना एवढा मोठा गडी लाजला. लग्न मे महिन्यातलं धरलं होतं. ठेकेदार आतापासूनच सुट्टीला नाही म्हणतोय, पण साहेबांनी शब्द टाकला तर देईल, एवढंच त्याचं मागणं होतं.

पेढा उद्धवच्या हातातच राहिला.

"घे की," तो म्हणाला. "लागेल तेवढी घे."

"लई नको, साहेब. हळद उतरायच्या आत ड्युटीवर हजर होतो बघा."