दगडावरचं झाकण

देवणीच्या वर्कशॉपात विळ्यांना धार लावताना ग्रायंडरचा दगड फुटला आणि रामलिंगचा डोळा गेला. मालकानं उपकार केल्यासारखं त्याच्या बायकोला, महानंदाला, त्याच मशीनवर घेतलं. पहिल्या दिवशी तिनं बटण दाबलंच नाही. "मालक, दगडावरचं झाकण कुठंय?" "झाकणानं काम हळू होतंय, बाई. कर सुरू." "झाकण बसवल्याबिगर मी हात लावणार न्हाई." बाकीचे कामगार थांबले. मालकानं चरफडत जिन्याखालच्या भंगारातून ते झाकण काढायला लावलं. फिटरनं धूळ झटकली, बोल्ट आवळले. चहा निवायच्या आत झालंसुद्धा. महानंदा बघतच राहिली. घरी पोचताच रामलिंगनं विचारलं, "झाकण लावलं का गं?" "हाव." "कुठून आणलं?" "लातूरहून नवं मागवलं," त्याच्या उरलेल्या डोळ्याकडं न बघता ती म्हणाली. "तरीच! मी मागत होतो तवा मिळतच नव्हतं म्हने." तो निवांत जेवायला बसला.