मागे सरकवलेली पेटी

“मॅडम, ही एकच राहिली होती, पार मागच्या रांगेत.” गोदामवाल्याने ताडपत्री ओढली तसा धुरळा उडाला. “बोगदा बसल्यापासून हिला कुणी हात लावलेला नाही.”

ती पेटीजवळ गुडघ्यांवर बसली. याच पेटीसाठी तिने या कंपनीत नोकरी धरली होती, आपण कुणाची मुलगी हे कुणाला कळू न देता.

बोगदा कोसळून आतले नऊ मजूर गेले, तेव्हा सगळं खापर कंपनीच्या भूवैज्ञानिकावर फुटलं. तो भूवैज्ञानिक म्हणजे तिचे बाबा. ‘सलग कठीण खडक, खोदायला हरकत नाही’ असा अहवाल त्यांचाच होता. चौकशीत ते एकच सांगत राहिले, की मधल्या टप्प्यातल्या खडकाच्या नमुन्यांची पेटी त्यांना दाखवलीच नव्हती. कुणाचा विश्वास बसला नाही. तिचा बसला. बाबा ‘दुसरं काहीही शिक’ म्हणत असताना तिने हट्टाने भूशास्त्रच घेतलं. ‘बापाने बोगदा पाडला, आता ही काय पाडते बघू’ हे वर्गातल्या पोरांचं बोलणंही मुकाट गिळलं.

तशी विद्या तिला लहानपणीच मिळाली होती. बाबा सांगायचे, “जिभेला चिकटली आणि दाताखाली कचकचली नाही, की समज, चिकणमाती.” हीच परीक्षा करताना त्यांनी कॉलेजच्या सहलीत चक्क वाळूचा खडक चावला होता आणि पुढचा दात तिरका तोडून घेतला होता. “कॉलेजच्या डिग्रीआधी ही डिग्री मिळाली,” म्हणत ते तो दात दाखवायचे नि खो खो हसायचे. आता ते तोंड मिटूनच असायचे.

तिने झाकण उघडलं. जमिनीला भोक पाडून काढलेल्या खडकाच्या गोल कांड्या ओळीने मांडल्या होत्या, आणि मधोमध वीतभर राखाडी माती. पाणी लागताच घसरणारा असा थर पाहून पहिल्या वर्षाच्या पोरानेही खोदकाम थांबवलं असतं. तिने तिथूनच फोन लावला.

“बाबा, सापडली! मधली पेटी! लपवून ठेवली होती मेल्यांनी.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“उघडलीस?”

“आत्ताच. चिकणमातीच दिसतेय. उद्याच वकिलांना दाखवते.”

“राहू दे ना, बाळा. झाकण लाव आणि घरी ये.”

“राहू दे? आईने जन्मभर शेजारपाजारच्यांची बोलणी खाल्ली, ती काय उगाच?”

“ऐक माझं. कांड्यांना हात लावू नकोस.”

तिला हसू आलं आणि रडूही. इतका मार खाल्लेल्या माणसाला जिंकायचीसुद्धा धास्ती वाटते, असं मनाशी म्हणत तिने फोन ठेवला.

वकिलासमोर जाण्याआधी खात्री हवी. तिने राखाडी तुकडा उचलला आणि सवयीने ओठांशी नेला. तिथेच तिचा हात थांबला. आता टणक वाळलेल्या त्या मातीत, ती ओली असतानाच, कुणीतरी आधी दात रोवले होते. ठसे अगदी स्वच्छ उमटले होते आणि त्यातला पुढचा एक तिरका होता.